गुरुजींची जीभ, तानीची खिचडी

चूक झाली ती ही गोष्ट सांगणाऱ्याच्याच हातून, तेव्हा तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी. तलासरीपासून आत आठ किलोमीटरवर एक पाडा आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत तो नुकताच शिक्षणसेवक म्हणून लागला होता. गोष्टीत त्याला तुषार म्हणू. त्याचं नाव तुषारच आहे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी शाळेत पोरांचं जेवण रांधणारी तानी पदराला हात पुसत त्याच्याकडे आली.

"सर, त्या चवीच्या वहीचा एक फोटो काढा ना. माझ्या कविताला पाठवा."

कविता ही तानीची मुलगी. वापीला एका कंपनीत पॅकिंगला जाते. बारावी झालेली, आणि घरात वाचता येणारी ती एकटीच.

"कशाला गं, मावशी?"

"गुरुजी हल्ली माझ्याबद्दल खूप लिहितात. आधी एवढंसंच लिहायचे." तानीनं चिमूट दाखवली. "आता अख्खी ओळ भरते. कधी दोन. पोरीला कळू दे, आई इथं काय करते ते."

तुषारनं वही उजेडात धरली, फोटो काढला आणि न वाचता पाठवून दिला. न वाचायला कारण होतं. त्या शाळेत फोनला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि पाहुण्यासारखी, बसायच्या आत उठणारी. त्या घाईत बोट एक रेघ वर पडलं. फोटो कविताला न जाता तालुक्याच्या पोषण आहाराच्या ग्रुपवर गेला. त्या ग्रुपमध्ये झाडून सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक होते, केंद्रप्रमुख होते आणि विस्तार अधिकारी सोनल मॅडमही होत्या. रेंज पुन्हा आली तेव्हा फोटो एक्केचाळीस जणांनी पाहिला होता, आणि मॅडमनी खाली लिहिलं होतं: "हे काय आहे?"

तेव्हा कुठे तुषारनं तो फोटो मोठा करून वाचला. वहीत मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात होतं: "खिचडीस खराब तेलाचा उग्र वास. चव निकृष्ट. स्वयंपाकीण तानी यांना वारंवार तोंडी सूचना देऊनही सुधारणा नाही."

आता मागची हकीकत सांगायला हवी, नाहीतर तानी भोळी वाटेल, आणि ती भोळी मुळीच नाही.

तानी त्या शाळेत नऊ वर्षं रांधत होती. मुख्याध्यापक दशरथ राऊत गुरुजीही त्याच वर्षी आले. घर डहाणूला, स्टेशनच्या पश्चिमेला. रोज मोटरसायकलवर येणं-जाणं. आले तेव्हाच एकशे दहा किलोंचे होते. पाड्यावरची हवा आणि तानीचा हात, दोन्ही मानवले, आणि एकशे बत्तीस झाले. पाड्यावरची म्हातारी माणसं म्हणत, गुरुजी येताना गाडी दिसत नाही, नुसता आवाज येतो.

शाळेच्या जेवणाचा एक नियम आहे. शिजवलेलं अन्न आधी कुणा जबाबदार माणसानं चाखायचं, वहीत शेरा लिहून सही करायची, मगच पोरांना वाढायचं. काही ठिकाणी ही चव नुसत्या पेनानं घेतात. राऊत गुरुजी ती तोंडानं घेत, आणि मनापासून घेत. तीस पोरं थाळ्या पुढ्यात ठेवून ओळीनं बसलेली असायची आणि साठ डोळे गुरुजींच्या तोंडाकडे लागलेले असायचे. गुरुजी पहिला घास घेत, डोळे मिटत, मान डोलवत आणि म्हणत, "सरस!" पोरं ओरडत, "सरस!" मग गुरुजी हात वर करत, "वाढा!" त्या "वाढा"शिवाय पाड्यावरचं एक पोर घासाला हात लावत नसे.

पोरांचं झालं की गुरुजी हळूच स्वयंपाकाच्या खोलीशी येत. "तानी, एका थाळीवरून चव नीट कळत नाही गं."

दुसरी थाळी होई.

"अजून थोडी शंका आहे बघ."

तिसऱ्या थाळीला शंका फिटे. वहीत ते एकच शब्द लिहीत, "उत्तम." तानीला वाचता येत नव्हतं, पण नऊ वर्षं रोज तोच शब्द पाहून त्याचा आकार तिच्या ओळखीचा झाला होता. शेतावरचा आपला बांध ओळखावा तसा.

संध्याकाळी गुरुजींच्या बायकोचा, सुधाबाईंचा, शुक्राच्या फोनवर फोन यायचा. शुक्रा म्हणजे तानीचा नवरा. "तानी, खरं सांग, किती खाल्लं त्यांनी? डॉक्टरांनी भात बंद केलाय. शुगर तीनशेच्या वर आहे."

"एक चमचाच खाल्ली, बाई. चवीपुरती."

फोन ठेवला की शुक्रा हसायचा. "नवरा तिचा, पोट त्याचं, आणि खोटं बोलायला तू!"

"पोट भरलेल्या माणसाचं नाव सांगू नये," तानी म्हणायची.

गेल्या दिवाळीत गुरुजी रजेवर गेले. पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन आहे, असं त्यांनी सांगितलं. तानीनं डहाणूच्या महालक्ष्मीला नारळ फोडला. जानेवारीत गुरुजी परत आले तेव्हा पाठमोरं पाहून तिला वाटलं, गुरुजींचा धाकटा भाऊ आला. शर्ट दोरीवर वाळत घातल्यासारखा अंगावर लोंबत होता. पंचवीस किलो गेले होते.

"खडे काढले की एवढं उतरतं, गुरुजी?" तानीनं विचारलं.

"खड्यांचं काय, ते निघाले. हे चालण्याचं फळ," गुरुजी म्हणाले. "रोज पहाटे समुद्राच्या कडेनं पार चिखले गावापर्यंत जातो आणि येतो. आणि संयम! जिभेवर ताबा!"

झालं. रोजच्या परिपाठाला संयमावर भाषण होऊ लागलं. सव्वीस जानेवारीला शाळा समितीचे अध्यक्ष जीवन यांनी गुरुजींच्या गळ्यात हार घातला. त्यांचा मेहुणा उंबरगावचा, तोही शंभर किलोंच्या वर; जीवननं त्याला मुद्दाम बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात तानीनं वाजवल्या.

गुरुजींचं डोकंही बदललं होतं. आधी दुपारच्या तासाला ते खुर्चीत पेंगायचे आणि पोरं त्यांच्या घोरण्यावर पाढे म्हणायची. आता एकदम लखलखीत. सहा वर्षांपूर्वीच्या परिपत्रकाची तारीख तोंडपाठ. कुठल्या पोराची कुठल्या साली गोवराची लस राहिली तेही सांगायचे. तुषारच्या टाचणवहीत त्यांनी एका बैठकीत सतरा चुका काढल्या. सतरावी खरंच चूक होती.

फक्त "सरस" मात्र बंद झालं.

चमच्याच्या टोकावर आठ-दहा शितं घ्यायची, ओठ मिटून चघळायची, कपाळाला आठी घालायची आणि दुसरीकडे बघत "वाढा" म्हणायचं. दुसरी थाळी नाही, तिसरीही नाही. पुढ्यातली थाळी तशीच परत यायची. तानीला आधी वाटलं, संयम. मग तिनं वहीतली ओळ लांबलेली पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. माणूस तोंडानं बोलायचा थांबला म्हणून काय झालं, हातानं बोलतोय! घरी जाऊन तिनं शुक्राला सांगितलं, "नऊ वर्षं एका शब्दावर भागवलं. आता ओळच्या ओळ लिहितात." शेजारणींना सांगितलं. बोअरिंगवर पाणी भरताना सांगितलं. जिला नव्हतं सांगितलं तिच्या कानावर गेलं. आणि मग तिनं फोटो काढायला लावला.

ग्रुपवर फोटो गेल्याचं तुषारनं तिला त्याच दिवशी सांगितलं. वहीत काय आहे ते मात्र त्याच्या तोंडून निघेना. "काहीतरी तक्रारीसारखं आहे," एवढंच तो म्हणाला आणि टाकीकडे रेंज बघायला निघून गेला.

चौथ्या दिवशी तालुक्याहून कागद आला. रविवारी कविता घरी आली तेव्हा तिनं तो वाचला. आधी मनात वाचला आणि कागदाची घडी घातली.

"वाच की," तानी म्हणाली.

"आई, नको."

"मोठ्यानं वाच. माझ्या नावाचा आहे ना?"

कवितानं वाचलं. महिनाभराचे शेरे त्यात उतरवले होते. उग्र वास. तेलकट. निकृष्ट. वारंवार तोंडी सूचना. शेवटी होतं, की येत्या गुरुवारी विस्तार अधिकारी शाळेत येतील, स्वतः जेवण पाहतील, आणि तानी यांना कामावर ठेवायचं की दुसरी स्वयंपाकीण नेमायची ते समितीसमोर ठरेल.

तानी भिंतीला टेकून बसली. तिच्या मनात निकृष्ट आलं नाही, तेलकटही आलं नाही. तिच्या मनात आलं ते "तोंडी सूचना".

"मला कधी बोलले?" ती म्हणाली. "एक दिवस तरी? 'तानी, वास येतो' म्हणाले असते तर मी तेल बदललं असतं, कढई बदलली असती, हात बदलला असता. एक शब्द नाही बोलले."

शुक्रा बिडी विझवत म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजतात म्हणतात, ते हेच. आणि मोजले तेही वहीत लिहून."

"जीवनची वहिनी तुझ्या जागी यायला तयारच बसलीय, आई," कविता म्हणाली. "तिला पगाराचं काय, चार भांड्यांवर नाव हवंय."

तानीला पगाराचं दुःख नव्हतंच, पगार होताच केवढा! पाड्यावर तिची ओळख होती ती हाताच्या चवीची. लग्नाकार्यात चुलीवर मोठं भांडं चढलं की तिला बोलावणं यायचं. मीठ किती, हे ती सांगायची आणि बाकीच्या घालायच्या. शाळेतून "निकृष्ट" म्हणून बाहेर पडली की उद्या कुणाच्या चुलीपाशी ती उभी राहणार होती?

त्याच दुपारी ती एसटीनं डहाणूला गेली. गुरुजींना समोरासमोर विचारायचं, एवढंच तिच्या मनात होतं. गुरुजी घरी नव्हते. दार सुधाबाईंनी उघडलं. तानीनं कागद पुढे केला. सुधाबाईंनी तो उभ्यानंच वाचला आणि मग तिचा हात धरून आत नेलं.

"तुझंही सुरू केलं का त्यांनी!" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"घरात दीड महिना हेच चाललंय. माझ्या चहाला वास येतो, माझ्या फोडणीला वास येतो. बावीस वर्षं ज्या बोंबलाच्या कालवणावर जीव टाकला, ते समोर आणलं की खिडकी उघडायला धावतात. मी रडले गं. मला वाटलं, माझाच वास येत असेल."

"खड्यांच्या ऑपरेशननं असं होतं?"

सुधाबाई हसल्या, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "कसले खडे? पित्ताशय जागच्या जागी आहे. वजन उतरवायचं ऑपरेशन केलंय. पोटाचा मोठा भाग कापून काढलाय. तीन महिन्यांत चालून पंचवीस किलो कोण उतरवतं, तानी? चिखल्यापर्यंत चालतात म्हणे! कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातात आणि पेपर घेऊन येतात."

तानीला खाली बसायचं सुचेना. तिनं वाजवलेल्या टाळ्या तिला आठवल्या.

"डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं होतं," सुधाबाई सांगत होत्या. "म्हणाले, भूक पोटात लागते असं आपण समजतो, पण ती कळते मेंदूला. पोटाचा जो भाग काढला, तिथूनच मेंदूला निरोप जायचे, भूक लागली, भूक लागली. आता ते निरोप कमी झाले. आणि दोन घासांत आतड्यांकडून उलटे निरोप जातात, पुरे, पुरे. मग ज्या तेलकट-गोडावर मेंदू आधी खूश व्हायचा, त्यानंच आता तो नाक मुरडतो. चव बदलते, वास टोचतो. सगळ्यांना होत नाही, काहींना होतं. वर्षभरात उतरेल म्हणाले, नाही उतरलं तर सवय करा म्हणाले. शुगर मात्र उतरली. डोकं तल्लख झालं ते कदाचित त्यामुळेच, किंवा आता नीट झोप लागते म्हणूनही असेल. आणि एक सांगितलं होतं, घाईनं मोठे घास घेतले तर लगेच उलटून पडेल."

"हे गुरुजींना ठाऊक आहे? वास तेलाचा नाही, त्यांच्याच डोक्यातला आहे, हे?"

सुधाबाईंनी मान खाली घातली. "डॉक्टरांनी त्यांनाच सांगितलं ना गं. मी नुसती शेजारी बसले होते."

इतका वेळ तानीला वाटत होतं, गुरुजींची चूक झाली. चूक माणसाची होते, तुषार सरांच्या बोटाचीही झाली. पण माहीत असून महिनाभर रोज पेन उघडून लिहायचं, याला काय म्हणायचं, तो शब्द तिला सापडेना.

"ते वाईट नाहीत," सुधाबाई म्हणाल्या. "दुपारी खिडकीशी नुसते बसून असतात. आयुष्यभर आनंद म्हटला की ताट. आता ताट गेलं, तर दुसरा आनंद कुठे ठेवलाय तेच त्यांना सापडत नाही. पण लोकांत पोट कापल्याचं कळलं तर हसतील, ही भीती. तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. माझी शपथ."

"नाही सांगणार, बाई," तानी म्हणाली. गुरुजींचं गुपित ठेवायची सवय तिला नऊ वर्षांची होती.

गुरुवारी सोनल मॅडम स्कूटीवरून आल्या. तरुण, चटपटीत, हातात फाईल. ओट्यावर जीवन आणि समितीची माणसं, पोरांच्या सात-आठ आया, तुषार आणि गुरुजी. तानीनं त्या दिवशी तेलाची नवी पिशवी सगळ्यांसमोर फोडली. मूगडाळ-तांदळाची खिचडी, जिऱ्या-लसणाची फोडणी, नेहमीसारखी. वास अंगणाच्या टोकापर्यंत गेला. पोरं थाळ्या घेऊन बसली.

"नियमानं पहिली चव मुख्याध्यापकांची," मॅडम म्हणाल्या. "घ्या सर."

गुरुजींनी चमच्याच्या टोकावर नेहमीची आठ-दहा शितं घेतली.

"एवढ्यानं काय कळणार? एका बाईच्या कामाचा प्रश्न आहे, सर. नीट खा."

सगळे गुरुजींकडे बघत होते. पंचवीस किलो गेले तरी एवढ्या नजरांपुढे माणूस भित्राच. गुरुजींनी हातानं घास केला, मोठा. गिळला. दुसरा गिळला. तिसरा तोंडात असतानाच त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि तोंडावर हात दाबून ते स्वयंपाकाच्या खोलीमागे धावले.

तानी पाण्याचा तांब्या घेऊन मागे गेली. गुरुजी भिंतीला धरून ओकत होते. तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी चूळ भरली, डोळे पुसले, आणि तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यावरून त्यांना कळलं.

"सुधा बोलली?"

"ते राहू द्या. आता मॅडमला एक शब्द सांगा, गुरुजी. नसेल सांगायचं तर पोट बिघडलंय म्हणा. तेल चांगलं आहे, एवढंच म्हणा."

गुरुजी पायाखाली बघत राहिले. "सव्वीस जानेवारीला माझा सत्कार झालाय, तानी. सगळ्यांसमोर."

आणि ते पुढे अंगणात गेले. तानी रिकामा तांब्या घेऊन त्यांच्या मागून आली. तिला अजून वाटत होतं, ओट्यापर्यंतच्या वीस पावलांत ते शब्द जुळवतील.

"काय झालं, सर?" मॅडम उभ्या राहिल्या होत्या. आया कुजबुजत होत्या. एकीनं आपल्या पोराची थाळी उलटी केली.

"काय सांगू, मॅडम," गुरुजी म्हणाले. "मी वहीत आधीच लिहिलं होतं."

तानीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. महिनाभर कागदावर लिहिलेलं तिनं एक वेळ पोटात घातलं असतं. पण हे तर तिनंच पाणी घालून धुतलेलं तोंड होतं.

मॅडम तुषारकडे वळल्या. "तुम्ही इथलंच खाता ना रोज? कशी असते चव?"

शिक्षणसेवकाची तीन वर्षं मुख्याध्यापकाच्या शेऱ्यावर सरतात. तुषार म्हणाला, "मला सर्दी आहे, मॅडम." त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात सर्दी कुणालाच नव्हती, त्यालाही नव्हती.

"पोरांना वाढू नका," मॅडम म्हणाल्या. "मी नमुना तपासणीला पाठवते. तोवर तानीबाई, तुम्ही..."

तानीनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती गुरुजींच्या पाटापाशी गेली, आणि त्यांची ती अर्धी थाळी पुढ्यात ओढून अंगणाच्या मधोमध बसली.

"अगं, उष्टी आहे!" एक बाई ओरडली.

"माहीत आहे," तानी म्हणाली. "ज्या खिचडीनं गुरुजींना उलटी झाली, तीच ही. दुसरी घेतली तर म्हणाल, वरची चांगली होती."

आणि ती जेवायला लागली. नऊ वर्षं ती सगळ्यांत शेवटी, भांड्याच्या तळाचं खात आली होती. शाळेतली पहिली थाळी ती पहिल्यांदाच खात होती. सावकाश, एकेक घास. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं ते पुसलं नाही, हात खरकटा होता. शेवटचं शीत उचललं, थाळी मॅडमना दाखवली आणि म्हणाली, "आता बसा, मॅडम. घड्याळ बघा. मला काय होतं ते बघून जा."

मॅडम बसल्या. जीवन बसला. अर्धा तास कुणीच उठलं नाही. गुरुजींच्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही; एक शब्द बोलले असते तर सगळे घरी जेवायला गेले असते. मध्येच दुसरीतली शितल मोठ्यानं म्हणाली, "मावशी, सगळी खाऊ नको गं, आम्हाला ठेव." आया हसल्या आणि तिथंच वारं फिरलं. आधी उलटी करून ठेवलेली थाळी त्या आईनं सुलटी केली.

अर्ध्या तासानं मॅडमनी स्वतः वाडगाभर खिचडी घेतली, मग अजून थोडी घेतली. "याला वास येतो?" त्या जीवनला म्हणाल्या. जीवननं वाऱ्याची दिशा पाहिली आणि म्हणाला, "छे छे, आम्ही तर कधीच तसं म्हटलं नाही." तानीला कामावर ठेवायचं ठरलं. उद्यापासून चव पोरांच्या आया आळीपाळीनं घेणार, असंही ठरलं. "आणि सर," मॅडम निघताना म्हणाल्या, "तुम्ही एकदा डॉक्टरना दाखवा." गुरुजींनी मान हलवली. वहीतले जुने शेरे तसेच राहिले. सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही.

घरी शुक्रा म्हणाला, "बावीस वर्षांत माझं उष्टं कधी खाल्लं नाहीस."

"तू कधी उष्टं ठेवलंस?" तानी म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिला हसू आलं.

तुषारनं दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागितली, फोटोचीही आणि सर्दीचीही. "तुमचं बोट चुकलं सर, ते मी धरत नाही," तानी म्हणाली. सर्दीबद्दल ती काही बोलली नाही. तुषार अजून तिथंच खिचडी खातो, आणि प्रत्येक घासाला तिच्याकडे बघत "छान झालीय" म्हणतो. ती बघत नाही.

महिनाभर गुरुजी स्वयंपाकाच्या खोलीकडे फिरकले नाहीत. मग एका शनिवारी, पोरं गेल्यावर, दाराशी येऊन उभे राहिले. शर्ट आता मापाचा शिवलेला होता.

"तानी," ते म्हणाले, "तू त्या दिवशी कुणाला सांगितलं नाहीस."

तानी भांडी घासत होती. "तुम्हीपण नाही सांगितलं, गुरुजी."

गुरुजींनी चुलीवरच्या भांड्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "उरलीय का थोडी? सुधाला खायचीय. ती म्हणते, मी नऊ वर्षं काय खात होतो ते तिला एकदा बघायचंय."

तानीनं हात धुतले. भांड्याच्या तळची खिचडी काढली आणि स्वतःच्या स्टीलच्या डब्यात भरून दिली. शुक्राला शेतावर नागलीची भाकर न्यायचा तो डबा, झाकण घट्ट बसणारा एकच. सुधाबाईंना द्यायची म्हणून दिली.

सोमवारी गुरुजी म्हणाले, "अरे, डबा विसरलो." मंगळवारी काही बोलले नाहीत. पोरांच्या गोवराच्या लशींच्या तारखा त्यांच्या अजून तोंडपाठ आहेत. शुक्रा भाकर फडक्यात बांधून नेतो आणि रोज विचारतो, "मागितलास?" तानीनं अजून मागितलेला नाही.